ईटिंग डिसऑर्डरवर औषध: कोणती गोळी कशासाठी, आणि घ्यायची कशी

ईटिंग डिसऑर्डरवर, म्हणजे खाण्याशी जोडलेल्या मनाच्या आजारावर, गोळी असते का असं विचारलं की लोक दोन टोकं गाठतात. कुणी म्हणतं डॉक्टर देतात ना गोळ्या, घ्या, होईल सगळं व्यवस्थित. कुणी म्हणतं हे सगळं डोक्यातलं आहे, गोळ्या कशाला, चार घास नीट खा म्हणावं. खरं सांगायचं तर कोणता डिसऑर्डर आहे त्यावर उत्तर पूर्ण बदलतं. बुलिमियात (बिंज, म्हणजे ताबा सुटून खूप खाणं, आणि मग उलट्या किंवा उपासाने त्याची भरपाई) एक औषध चांगलं तपासलेलं आहे आणि उपयोगी पडतं, बिंज ईटिंगमध्ये (बिंज होतात पण भरपाई नाही) एकदोन औषधं बऱ्यापैकी काम करतात, आणि अ‍ॅनोरेक्सियात (वजनाच्या भीतीने उपाशी राहणं) मूळ आजार बरा करणारी गोळी आजच्या तारखेला कुणाकडेच नाही. त्यामुळे डॉक्टर जी गोळी लिहून देतील तिच्याबद्दल पहिला प्रश्न हाच विचारा, की ही नेमकं काय कमी करण्यासाठी आहे? बिंज? उलट्या? डिप्रेशन? जेवणाआधीची घबराट? याचं उत्तर एका वाक्यात मिळालं पाहिजे. ते मिळालं तर पुढे गोळी चालतेय की नाही हे तुमचं तुम्हालाच कळतं, नाहीतर महिनोन्महिने गोळ्या चालू राहतात आणि कुणालाच सांगता येत नाही की फरक पडला का.

मी डॉक्टर नाहीये. माझ्या धाकट्या बहिणीला बुलिमिया आहे, तिच्यासोबत सायकिअ‍ॅट्रिस्टसमोर बसून प्रश्न विचारत आणि सापडेल ते वाचत जे समजलं ते तिला विचारून इथे लिहितेय. डोसचे आकडे दिलेत ते डॉक्टरांशी बोलताना तुम्हाला संदर्भ असावा म्हणून, स्वतःचा स्वतः डोस ठरवायला नाही.

आधी खरं सांगा, सगळं

गोळी चालू करायच्या आधी सगळ्यात महत्त्वाचं काम कुठल्या टेस्टचं नाहीये, ते तुमच्या तोंडाचं आहे. उलट्या काढता का, जुलाबाच्या गोळ्या घेता का, लघवीच्या गोळ्या, वजन कमी करायच्या गोळ्या, कुणा दुसऱ्याच्या थायरॉइडच्या गोळ्या, दिवसभर कॉफीवर राहणं, हे सगळं डॉक्टरांना माहीत असायला पाहिजे. लाज वाटते हे मान्य आहे, आणि घरचं कुणी सोबत बसलेलं असेल तर तोंडातून शब्द फुटत नाही. बहिणीने सरळ कागदावर लिहून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं होतं आणि त्यांनी वाचेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत बसली, चालतं तसंही. घरच्यांना थोडा वेळ बाहेर बसवा असं म्हणायचाही तुम्हाला हक्क आहे.

हे एवढं ताणून का सांगतेय तर बुप्रोपियॉन नावाच्या औषधामुळे. डिप्रेशनवर आणि सिगारेट सोडायला हे सर्रास दिलं जातं, वजन वाढवत नाही म्हणून पेशंटनाही आवडतं. १९८८ मध्ये बुलिमिया असलेल्यांवर त्याचा अभ्यास छापून आला, बिंज कमी झाले पण औषध घेणाऱ्यांपैकी चौघांना फिट आल्या. छोट्याशा अभ्यासात चार म्हणजे फार झालं. तेव्हापासून बुलिमिया किंवा अ‍ॅनोरेक्सिया आत्ता असेल किंवा पूर्वी कधी झालेला असेल तर हे औषध द्यायचं नाही असं त्याच्या लेबलवरच लिहिलेलं असतं. आता विचार करा, तुम्ही सिगारेट सोडायला दुसऱ्याच कुठल्या डॉक्टरकडे गेलात, त्यांना तुमच्या उलट्यांबद्दल काहीच माहीत नाही, त्यांनी चांगल्या मनाने हेच लिहून दिलं, तर चूक त्यांची म्हणता येणार नाही. म्हणून जुना आजार असला, दहा वर्षं झाली असली तरी प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगायचंच.

दुसरी गोष्ट निदानाची. बिंज होतात म्हणजे बुलिमियाच असं नसतं. बिंजनंतर उलट्या, उपास, अंगावर येईल एवढा व्यायाम असं भरपाईचं काही होत असेल तर बुलिमिया, तसं काही नसेल तर बिंज ईटिंग डिसऑर्डर, आणि वजन खूप कमी असेल तर बिंज आणि उलट्या दोन्ही असूनसुद्धा ते अ‍ॅनोरेक्सियात मोडतं. बिंज ईटिंगला स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली ती २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या अमेरिकन यादीत, म्हणून जुन्या फाईलवर वेगळंच काहीतरी लिहिलेलं सापडू शकतं. हे नाव फक्त कागदावरचं नाहीये, औषध यावरच ठरतं.

टेस्ट: पोटॅशियम आणि ईसीजी

उलट्यांमधून, जुलाबातून आणि लघवीच्या गोळ्यांमधून पोटॅशियम जातं. पोटॅशियम कमी झालं की हृदयाचा ठोका बिघडू शकतो, आणि काही औषधं ईसीजीवरचा क्यूटी नावाचा टप्पा लांबवतात, तेही ठोक्यासाठी वाईटच. दोन्ही एकत्र आले की धोका वाढतो. सिटालोप्राम आणि एसिटालोप्राम ही डिप्रेशनची औषधं, काही अँटिसायकोटिक (भास-भ्रमाच्या आजारांवरची औषधं), आणि मळमळ थांबवायला दिली जाणारी ऑनडान्सेट्रॉन आणि डॉमपेरिडोन, ही सगळी या यादीत येतात. शेवटची दोन लोक पेपरमिंट असल्यासारखी घेतात, उलट्या होतायत म्हणून घरीच.

म्हणून सुरुवातीला पोटॅशियम, सोडियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट, किडनी, शुगर आणि एक ईसीजी, नाडी आणि बीपी झोपून आणि उभं राहून, एवढं झालेलं बरं. डॉक्टर विसरले तर तुम्ही विचारा. आणि एक लक्षात ठेवा की रिपोर्ट नॉर्मल आला याचा अर्थ शरीर ठणठणीत आहे असा होत नाही, शरीर बरेच दिवस आकडे सांभाळून घेतं आणि मग अचानक सोडून देतं. उलट्या चालू असतील तर टेस्ट पुन्हा पुन्हा कराव्या लागतात, एकदा केली आणि फाईलला लावली असं चालत नाही.

बुलिमिया: फ्लुओक्सेटिन, आणि डोसचा घोळ

इथे मी जरा थांबणार आहे कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

बुलिमियासाठी अमेरिकेच्या एफडीएची मंजुरी असलेलं औषध एकच, फ्लुओक्सेटिन. डिप्रेशनला साधारण २० मिलिग्रॅमने काम भागतं, बुलिमियात मात्र जो डोस चालतो तो ६० मिलिग्रॅमचा. १९९२ मध्ये छापून आलेला एक मोठा अभ्यास आहे, ३८७ बायका, आठ आठवडे, काहींना ६०, काहींना २०, काहींना नुसती साखरेची गोळी. ६० वाल्यांचे बिंज आणि उलट्या स्पष्ट कमी झाल्या, २० वाल्यांना तेवढा फायदा झाला नाही. त्यामुळे कुणी २० वर वर्षभर राहून "मी फ्लुओक्सेटिन घेऊन बघितलं, काही होत नाही" म्हणत असेल तर त्याने ते खऱ्या अर्थाने घेऊन बघितलेलंच नाही. तुमचं तसं झालं असेल तर पुढच्या व्हिजिटला सरळ विचारा, की डॉक्टर, बुलिमियासाठीचा डोस वेगळा असतो ना, मला तो झेपेल का? भांडायचं नाही, विचारायचं. काही वेळा डॉक्टरांकडे कमी डोसवर थांबायचं कारण असतं, लिव्हर, दुसरी औषधं, वय, ते कारण तुम्हाला कळलं तरी पुरे.

अजून एक, डिप्रेशन नसेल तरीही हे औषध बुलिमियावर चालतं. त्यामुळे "मी काय डिप्रेस नाहीये, मला कशाला अँटिडिप्रेसंट" हा आक्षेप इथे लागू होत नाही, इथे ते बिंज आणि उलट्यांचं औषध म्हणून दिलेलं असतं.

आता घ्यायचं कसं. पहिल्या दिवसापासून ६० क्वचित सुरू करतात, बहुतेक डॉक्टर २० पासून चढवत नेतात. सकाळी घ्या, कारण बऱ्याच जणांची झोप उडते. सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी, हातपाय थरथरल्यासारखं, जरा बेचैन वाटणं असं होतं आणि बहुतेकांचं एकदोन आठवड्यांत ओसरतं. पण या आजारात मळमळ ही साधी गोष्ट नाही, उलटीची ओढ असलेल्या माणसाला मळमळ म्हणजे आयतं निमित्त मिळतं. म्हणून रिकाम्या पोटी घेऊ नका, नाश्त्यासोबत घ्या, आणि मळमळ फारच असेल तर डोस चढवायचा वेग कमी करायला सांगा, औषध बंद करू नका. सेक्सची इच्छा कमी होणं किंवा उशीर लागणं हाही साईड इफेक्ट आहे, तो कुणी आपणहून सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही, आणि गुपचूप गोळी बंद करण्याचं ते मोठं कारण असतं, म्हणून इथे लिहून ठेवते.

गोळी आणि उलटीची वेळ हा पुढचा मुद्दा. गोळी घेतल्यावर थोड्याच वेळात उलटी झाली तर ती गोळी बाहेर गेलेली असू शकते. त्यामुळे दिवसाच्या ज्या वेळी उलटी होण्याची शक्यता सगळ्यात कमी असते ती वेळ गोळीसाठी निवडायची. बहिणीची संध्याकाळ आणि रात्र वाईट असायची, सकाळचा चहा-नाश्ता शांत जायचा, म्हणून गोळी सकाळी, आणि नाश्त्यानंतर कुणीतरी सोबत बसायचं, गप्पा मारत, आजाराबद्दल एक शब्द न काढता. उलटी झालीच तर दुसरी गोळी लगेच तोंडात टाकू नका. फ्लुओक्सेटिन शरीरात दिवसचे दिवस राहतं, एखादा डोस चुकला तर आभाळ कोसळत नाही, दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी घ्यायची. मात्र आठवड्यातून तीनचारदा असं होत असेल तर डॉक्टरांना सांगा, कारण मग तुमचा कागदावरचा डोस आणि पोटात राहणारा डोस यांत फरक पडलेला असतो.

फरक कधी कळतो? बुलिमियात तुलनेने लवकर. पूर्ण डोसवर तीन आठवडे होऊनही बिंज आणि उलट्यांच्या संख्येत काहीच हालचाल नसेल तर पुढे मोठा फरक पडायची शक्यता कमी असते, तेव्हा वाट बघत न बसता डॉक्टरांशी बोला. सर्ट्रालिनसारखी दुसरी औषधं आहेत, तीही वापरतात. आणि अपेक्षा जमिनीवर ठेवा, बहुतेकांच्या बाबतीत बिंज कमी होतात, पूर्ण थांबतात ते थोड्याच जणांचे. म्हणून थेरपी सोबत लागतेच, त्यातही बुलिमियासाठी सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायची थेरपी. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची २०१७ ची गाइडलाइन तर सरळ म्हणते की बुलिमियात एकटं औषध देऊच नका. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनची २०२३ ची गाइडलाइन जरा वेगळं म्हणते, सुरुवातीपासून दोन्ही द्या किंवा फक्त थेरपीने सहा आठवड्यांत काही हललं नाही तर औषध जोडा. मला विचाराल तर थेरपिस्ट मिळायला वेळ लागणार असेल तर तोपर्यंत औषध चालू करण्यात काही चुकीचं नाही, पण थेरपीचा नंबर लावून ठेवायचा, "गोळीने बरं वाटतंय" म्हणून तो रद्द करायचा नाही.

पंचवीसच्या आतल्यांसाठी एक इशारा आहे आणि तो घरच्यांनी नीट वाचावा. या गटातल्या औषधांनी सुरुवातीला आणि डोस बदलताना काही तरुण मुलामुलींमध्ये आत्महत्येचे विचार वाढू शकतात. म्हणून औषध टाळायचं असा याचा अर्थ नाही, पहिले काही आठवडे माणसावर लक्ष ठेवायचं. अचानक चिडचिड, रात्रभर न झोपणं, एका जागी बसता न येणं, "मी नसले तर बरं" छापाचं बोलणं, यातलं काही दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा. घरात कुणाला बायपोलर (मूड दोन टोकांना जाण्याचा आजार) असेल तर तेही आधीच सांगा. आणि अंगदुखीला आयबुप्रोफेनसारखी गोळी सहज घेत असाल तर थांबा, एसएसआरआयसोबत (फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन ज्या गटात येतात तो) पोटात रक्तस्राव व्हायची शक्यता वाढते, त्यात उलट्यांनी अन्ननलिका आणि पोट आधीच सोललेलं असतं.

बिंज ईटिंग

यासाठी लिसडेक्सअ‍ॅम्फेटामिन या औषधाला एफडीएने जानेवारी २०१५ मध्ये मंजुरी दिली, मोठ्या माणसांसाठी, मध्यम ते तीव्र आजाराला. मूळचं एडीएचडीचं (लक्ष न लागणं, अतिचंचलपणा) औषध. ३० मिलिग्रॅमपासून सुरू करून आठवड्याला चढवत ५० ते ७० पर्यंत नेतात, ३० वर बिंजमध्ये फारसा फरक दिसत नाही. सगळ्या देशांत ते मिळत नाही, आणि जिथे मिळतं तिथे कडक नियंत्रण असतं कारण सवय लागू शकते. हृदयाचा त्रास, वाढलेलं बीपी, पूर्वीचं व्यसन असेल तर डॉक्टर बहुधा नाहीच म्हणतील. सकाळी घ्यायचं, दुपारनंतर घेतलं तर रात्रीची झोप गेलीच समजा.

आता खाचखळगा कुठे आहे ते सांगते. हे औषध दिवसभर भूक मारतं. माणूस खुश होतो, दुपारी जेवतच नाही, संध्याकाळी औषधाचा असर उतरतो आणि दिवसभराची उपाशी भूक एकदम अंगावर येते, की झाला बिंज. म्हणजे ज्या गोष्टीसाठी औषध घेतलं तीच. त्यामुळे हे घेत असाल तर भूक असो नसो, घड्याळ बघून जेवायचं, तीन जेवणं आणि मधलं खाणं ठरलेल्या वेळी. भुकेवर विसंबायचंच नाही. आणि हे वजन कमी करायचं औषध म्हणून मंजूर नाही, मोजायचे ते बिंज मोजा. वजनाचा काटा समोर ठेवून कुणी हे मागत असेल, आणि त्या माणसाला पूर्वी उपाशी राहायची सवय असेल, तर डॉक्टरांना ते कळलंच पाहिजे.

टोपिरामेट हे फिटचं औषधसुद्धा बिंज कमी करतं, ऑफ लेबल, म्हणजे या आजारासाठी मंजुरी नसताना, देतात. पण डोकं मंद झाल्यासारखं होतं, बोलताना साधे शब्द आठवत नाहीत, बोटांना मुंग्या येतात, मुतखडा होऊ शकतो, आणि गरोदरपणात बाळाला धोका आहे, शिवाय जास्त डोसला गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होतो, तेव्हा बायकांनी हे विषय काढल्याशिवाय चालू करू नये. एसएसआरआयनेही बिंज थोडे कमी होतात, वजनावर विशेष काही नाही.

सेमाग्लुटाइडसारख्या, डायबेटिस आणि वजनासाठीच्या इंजेक्शनबद्दल हल्ली सगळेच विचारतात. ईटिंग डिसऑर्डरसाठी ती मंजूर नाहीत. भूक दाबणं आणि बिंजचा आजार बरा होणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ज्याचा मूळ प्रॉब्लेम न खाणं किंवा उलट्या आहे त्याच्या हातात भूक मारणारं, मळमळ आणणारं औषध देणं मला तरी भीतीदायक वाटतं. डायबेटिससाठी लागतच असेल तर गोष्ट वेगळी, पण लिहून देणाऱ्याला आजाराचा इतिहास माहीत असू दे.

अ‍ॅनोरेक्सिया

इथे अन्न हेच औषध, हे वाक्य घासून गुळगुळीत झालंय पण त्यामागे कारण आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी, धडधाकट तरुणांना काही महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला. त्यांच्यातले बरेच जण उदास झाले, चिडचिडे झाले, माणसांना टाळायला लागले, दिवसरात्र जेवणाचाच विचार, घास तासभर चघळत बसणं. त्यांना आधी कुठलाही ईटिंग डिसऑर्डर नव्हता. म्हणजे अ‍ॅनोरेक्सियात आपल्याला जे डिप्रेशन दिसतं त्यातलं बरंचसं उपासमारीचंच असू शकतं, आणि त्यावर डिप्रेशनची गोळी फारशी चालत नाही. वजन खूप कमी असताना एसएसआरआयचा उपयोग होत नाही हे वारंवार दिसलंय. एवढंच कशाला, वजन भरून आल्यावर आजार उलटू नये म्हणून फ्लुओक्सेटिन दिलं तर? तोही अभ्यास झाला, २००६ मध्ये छापून आला, ९३ पेशंट, फायदा दिसला नाही. त्यामुळे डॉक्टर म्हणाले की आधी थोडं वजन येऊ दे मग डिप्रेशनच्या गोळीचं बघू, तर ते टाळाटाळ करतायत असं समजू नका.

जे औषध थोडंफार वापरतात ते ओलान्झापिन नावाचं अँटिसायकोटिक, तेही ऑफ लेबल. २०१९ मधला १५२ पेशंटचा १६ आठवड्यांचा अभ्यास आहे, गोळी घेणाऱ्यांचं वजन जरा जास्त वेगाने वाढलं, पण फरक लहानच, आणि खाण्याबद्दलच्या त्या चिवट विचारांवर काही परिणाम नाही. तरी काही जणांना त्याने जेवणाआधीचा थरकाप, डोक्यात सतत चालणारी बडबड थोडी कमी झाल्यासारखी वाटते, झोप लागते. म्हणून छोट्या डोसमध्ये, अडीच मिलिग्रॅमपासून, रात्री देऊन बघतात.

अडचण एकच, नेटवर नाव टाकलं की पहिलंच वाचायला मिळतं "वजन वाढतं". ज्या मुलीला वजनाचीच भीती आहे ती हे वाचल्यावर गोळी घेईल का? लपवू नका, पण नीट सांगा, की दुसऱ्या आजारांत या औषधाने जसं भराभर वजन वाढतं तसं इथे दिसत नाही, इथे ती डोक्यातला गोंगाट कमी व्हावा म्हणून देतोय, आणि नको वाटली तर डॉक्टरांशी बोलून बंद करता येईल. आणि कृपा करून गोळी कुटून डाळीत, दुधात मिसळू नका. मला माहितीये घरचे टेकीला आलेले असतात. पण ज्याला आधीच प्रत्येक वाटीची भीती आहे त्याला एकदा जरी चव लागली, एकदा जरी पांढरी पूड तळाशी दिसली, की त्या घरातलं कुठलंच अन्न त्याच्यासाठी सुरक्षित उरत नाही. गोळी नाकारली तर नाकारली, ते डॉक्टरांना सांगा, जेवणाचं काम चालू ठेवा. लहान वयाच्या मुलांमध्ये तर आईवडिलांनी जेवणाची जबाबदारी हातात घ्यायची फॅमिली बेस्ड ट्रीटमेंट ही कुठल्याही गोळीपेक्षा जास्त तपासलेली आहे.

घरात सहज येणाऱ्या आणखी काही गोष्टी. भूक वाढवायचं सिप्रोहेप्टाडिनचं सिरप, अ‍ॅनोरेक्सियात भूक नसते हा मुळात गैरसमज आहे, भूक असते, ती दाबलेली असते, त्यामुळे सिरपने विशेष काही होत नाही आणि बिंज-उलट्यांचा प्रकार असेल तर उलटा त्रास होऊ शकतो. जेवणाआधी अल्प्राझोलाम देऊन घबराट कमी करून बघू असं वाटतं, पण तपासून बघितलं तेव्हा खाणं वाढलं नाही, फक्त गळून गेल्यासारखं झालं, आणि सवय लागायचा धोका वेगळा. पाळी यावी म्हणून गर्भनिरोधक गोळ्या दिल्या तर दर महिन्याला रक्तस्राव होतो आणि घरच्यांना वाटतं सुधारलं, पण ती पाळी गोळीची असते, हाडं त्याने वाचत नाहीत आणि शरीर खरंच सावरलंय का हे कळायची एक खूण मात्र झाकली जाते.

आणि खूप दिवस जवळपास उपाशी असलेल्या माणसाला घरच्या घरी एकदम भरपेट खाऊ घालू नका. शरीराला अचानक अन्न मिळालं की रक्तातलं फॉस्फेट झपकन खाली येऊ शकतं, त्याने जीव जाऊ शकतो, याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. अशा वेळी हॉस्पिटलमध्ये खाणं सुरू करायच्या आधी थायमिन देतात, फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम रोज बघतात. या बाबतीत गोळ्यांपेक्षा ही साधी साल्टं आणि व्हिटॅमिन जास्त जीव वाचवतात.

आर्फिड, म्हणजे वजनाची भीती नसून चव, पोत, गिळताना अडकायची भीती यामुळे न खाणं, यासाठी मंजूर औषध नाही. जोडीला असलेल्या अँक्झायटीवर औषध देतात, बाकी थेरपी.

कपाटातल्या बाकीच्या गोळ्या

जुलाबाच्या गोळ्या मोठ्या आतड्यावर काम करतात, तोवर अन्न लहान आतड्यात पचून शोषलेलं असतं, जातं ते पाणी आणि क्षार. बंद केल्यावर काही दिवस अंगावर सूज येते, पोट साफ होत नाही, आणि त्या सुजेला घाबरून लोक पुन्हा चालू करतात. ती सूज पाण्याची असते आणि उतरते, हे आधीच माहीत असलं तर ते दिवस निभावतात. बद्धकोष्ठासाठी डॉक्टर सौम्य काहीतरी देतील ते घ्या. लिथियम (बायपोलरचं औषध) चालू असेल आणि उलट्या-जुलाब होत असतील तर रक्तातली पातळी विषारी व्हायला वेळ लागत नाही, हे तातडीने सांगायचं. टाइप १ डायबेटिसमध्ये वजनासाठी इन्सुलिन चुकवणं हा सगळ्यात घातक प्रकारांपैकी एक आहे, त्यात तर डायबेटिसचे आणि मनाचे डॉक्टर एकमेकांशी बोललेच पाहिजेत.

रोजचं व्यवहारिक

एक वही करा. तारीख, गोळी घेतली का, किती वाजता, बिंज किती, उलट्या किती, झोप कशी, एक ओळ मूडबद्दल. बस. वजन लिहू नका, कॅलरी तर अजिबात नाही, नाहीतर वहीच आजाराचं नवं खेळणं होते. वही भरायची पेशंटने, घरच्यांनी तपासायची नाही, डॉक्टरांना दाखवायची. बहिणीच्या वहीत दुसऱ्या महिन्यात दिसलं की बिंजची संख्या कमी झालीय पण सगळे बिंज रविवारीच आहेत, त्याबद्दल थेरपीत बोलणं झालं. नुसतं "बरंय" म्हटलं असतं तर हे कुणाच्या लक्षात आलं नसतं.

गोळ्या कुणाकडे ठेवायच्या हे आजाराच्या अवस्थेवर ठरवा. जिवाचं बरंवाईट करायचे विचार असतील तर घरात एका वेळी थोड्याच गोळ्या आणा आणि कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे ठेवा, तसे विचार नसतील तर मोठ्या माणसाच्या तोंडात डोकावून गोळी गिळली का बघत बसणं म्हणजे भांडणाला आमंत्रण.

चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड किंवा दुखणं, उलटीत रक्त, फिट, पायांवर वाढत जाणारी सूज, बरळणं, खूप अशक्तपणा किंवा स्नायू जखडणं, मरायचे विचार, यातलं काही झालं तर वही, अपॉइंटमेंट सगळं बाजूला ठेवून इमर्जन्सीत जा आणि तिथे पहिल्या वाक्यात ईटिंग डिसऑर्डर आहे हे सांगा. नाहीतर अ‍ॅसिडिटी म्हणून घरी पाठवतात.

बंद करायची वेळ. बुलिमियात फरक पडल्यावर साधारण नऊ महिने ते वर्षभर तरी औषध चालू ठेवतात. बंद करताना परीक्षा, लग्न, नोकरी बदल, घर बदल असा काळ निवडू नका. डोस टप्प्याटप्प्याने खाली आणतात, फ्लुओक्सेटिन शरीरातून हळू जातं म्हणून सोडायला तुलनेने सोपं, बाकीच्या एसएसआरआयमध्ये चक्कर, विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं असं होऊ शकतं, एका झटक्यात थांबवू नका. वही या काळात पुन्हा चालू करा, कारण औषध उतरल्याचा परिणाम आज उद्या दिसत नाही, काही आठवड्यांनी दिसतो, आणि तेव्हा गोळीचा संबंध कुणाच्या डोक्यातही येत नाही. लागोपाठ दोन आठवडे बिंज वाढलेले दिसले तर डॉक्टरांना फोन करून आधीच्या डोसवर परत जायचं का ते विचारा.